किती वाजले आणि किती वेळ लागला?

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी, हे तिचे एक काम होते. जहाजावरच्या क्रोनोमीटरला विचारायचा प्रश्न एकच : आता किती वाजले? त्याच दशकात पॅरिसमध्ये दुसरा प्रश्न पुढे आला : किती वेळ लागला? घोड्यांच्या शर्यतीसाठी निकोला रियुसेक यांनी १८२१ मध्ये तबकडीवर शाईचा ठिपका उमटवणारे यंत्र वापरले. क्रोनोग्राफ, म्हणजे काळ लिहिणारा, हे नाव त्यावरून पडले.

पुढे शाई गेली, नाव राहिले. मोजणारा काटा झटकन शून्यावर येतो तो हृदयाच्या आकाराच्या चकतीमुळे. अडॉल्फ निकोल यांनी तिचे पेटंट १८४४ मध्ये घेतले. चकतीच्या कडेवर तरफ दाबली, की चकती कोणत्याही स्थितीतून फिरून एकाच जागी थांबते. विसाव्या शतकात हे सारे मनगटावर आले.

हा काटा किती बारीक वेळ दाखवील? उत्तर टिकटिकीत आहे. १९६३ च्या रोलेक्स डेटोनात तासाला १८,००० ठोके पडत, म्हणजे सेकंदाला ५. काटा १/५ सेकंदाच्याच उड्या मारणार. १९८८ मध्ये कंपनीने झेनिथचे ३६,००० ठोक्यांचे यंत्र घेतले, पण ठोके २८,८०० वर आणले. ठोके कमी, तर झीजही कमी. अभिनेता पॉल न्यूमन यांचे जुने डेटोना २०१७ मध्ये १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले. किंमत वाढली, ठोके मात्र सेकंदाला ५ च राहिले.

तेवढेही कधी पुरे पडते. १९७० मध्ये अपोलो १३ च्या संकटात, वीज वाचवण्यासाठी उपकरणे बंद असताना, इंजिन १४ सेकंद चालवायचे होते. तो वेळ ओमेगाच्या मनगटी क्रोनोग्राफवर मोजला गेला.

गिरगावातल्या शाळेत हा पाठ पावसाळ्यात सहज घेता येईल. वर्गातच थांबून, खिडकीतून समुद्रावर वीज चमकलेली दिसताच पाच मुलांनी साधी स्टॉपवॉच सुरू करावीत आणि गडगडाट ऐकताच थांबवावीत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ९ सेकंद भरले, तर वीज सुमारे ३ किलोमीटरवर. पाच आकडे सारखे येणार नाहीत, कारण प्रत्येकाच्या बोटाचा उशीर निराळा. १/५ सेकंदाचा फरक पडला, तरी उत्तर ७० मीटरने बदलते. मग १/१०० सेकंद दाखवणाऱ्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? आम्हाला वाटते, महागड्या घड्याळाच्या जाहिरातीपुढेही मुलांनी हाच प्रश्न विचारावा.