हृदयछिद्र, लहान (जन्मजात) : वऱ्हाडातील देखरेख

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः असलेले भोक हा मुलांमध्ये वारंवार आढळणारा हृदयदोष आहे. जन्मजात हृदयदोष दर हजार बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांत असतो. लहान छिद्राला बहुधा औषध लागत नाही, शस्त्रक्रियाही नाही. पडद्याच्या स्नायुमय भागातली पुष्कळ छिद्रे पहिल्या एकदोन वर्षांत आपोआप बुजतात. तोवर बाळावर लक्ष ठेवणे हाच उपचार.

जन्मल्याबरोबर दोष कळतोच असे नाही. फुप्फुसांतला दाब उतरायला काही आठवडे जातात, म्हणून छातीतला आवाज पुष्कळदा लसीकरणाच्या वेळीच पहिल्यांदा ऐकू येतो. छिद्र बारीक असले तर आवाज उलट मोठा येतो. नुसत्या आवाजाने आईबापांनी धास्तावू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासतात. संशय आल्यास मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी टू-डी इकोसाठी पाठवतात. धारणी-चिखलदऱ्याच्या कुटुंबाला त्यासाठी घाट उतरून अमरावती गाठावी लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. मूल खेळतेबागडते दिसले की पुढची तारीख चुकते ती इथेच. ती चुकू नये, कारण महाधमनीच्या झडपेलगतचे छिद्र लहान असूनही कालांतराने झडप ओढून गळकी करू शकते, आणि हे बाहेरून दिसत नाही.

घरी पाहायचे ते वजन आणि दूध पिणे. ‘लेकरू दूध पेता पेता दमते, कपाळाले घाम येते,’ असे आई सांगते तेव्हा तिचे ऐकावे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, घाम तर सगळ्यांनाच येतो. पण पिताना थांबून थांबून धापा टाकणे, छातीखाली खळगा पडणे आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन न वाढणे ही उन्हाची लक्षणे नव्हेत. अशा वेळी तारखेची वाट पाहू नये.

लसी ठरल्या वेळीच द्याव्यात. दात किडू देऊ नयेत, कारण तोंडातले जंतू रक्तातून हृदयाच्या अस्तराला लागू शकतात. लहान छिद्राच्या मुलाला धावण्या-खेळण्यापासून अडवणे चुकीचे आहे. छिद्र बुजल्याचे इकोत दिसल्यावर तपासण्या बहुधा थांबतात. उरलेल्या छिद्रासाठी त्या मोठेपणीही, काही वर्षांच्या अंतराने, चालू ठेवतात.