फुकट वेगळं, मुक्त वेगळं

इंजिनियरिंगच्या होस्टेलवर ‘ओरिजिनल’ विंडोज कुणाकडे असायची का हो? एक सीडी, तिच्यावर मार्करने लिहिलेली सीरियल की, आणि अख्खा मजला खूश! हा प्रकार पर्सनल कॉम्प्युटरइतकाच जुना आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना जाहीर पत्र लिहून तक्रार केली होती, की आमचं बेसिक तुम्ही पैसे न देताच वापरताय. आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६३ब कलम आलं. कॉपी बेकायदा आहे हे माहीत असून वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद.

पण मुलांना नुसती कायद्याची भीती घालून काय होणार? त्यांना दुसरी गोष्ट सांगायला हवी. १९८० च्या सुमारास एमआयटीत झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमनने जुन्या प्रिंटरला केली होती. नव्याचा सोर्स कोड मात्र कुणी देईना. १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएल लायसन्स आलं. वापरा, वाचा, बदला, वाटा. म्हणजे भांडण पैशांचं नव्हतंच.

आता हेच पोहरादेवीला लावून बघा. वाशिम जिल्ह्यातलं, सेवालाल महाराजांच्या समाधीचं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. बंजारा तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात. तिला स्वतःची लिपी नाही, महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात. २०११ च्या जनगणनेत तर ती हिंदीखालीच मोजली गेली. अशा भाषेसाठी कुठली कंपनी मेनू बनवणार? आणि क्रॅक केलेलं ऑफिस फुकट मिळालं, तरी त्यातला एक शब्दही तुम्हाला गोरमाटीत करता येत नाही. लिब्रेऑफिसचं भाषांतर मात्र कुणीही करू शकतं. मराठीत ते आहेच.

‘पण नोकरीत एक्सेल विचारतात ना?’ विचारतात. पण एका स्प्रेडशीटमध्ये फॉर्म्युला जमला की दुसरीत फार अडत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत, आणि डाउनलोड केले की इंटरनेटशिवाय चालतात.

असो. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी एवढंच करावं. शाळेतल्या एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकावं, एखाद्या छोट्या प्रोग्रॅमची भाषांतराची फाइल उघडावी, आणि पहिला शब्द तिथल्या पोरांनाच लिहू द्यावा.