चौघांची हजामत

१९९६ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतल्या चार गृहस्थांनी केस कापल्याचं उघडकीला आलं आणि पुण्यात आमच्या घरी सुतक लागलं. चिरंजीव दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे पानावर बसून जेवले नाहीत. फडताळातल्या डब्यातले लाडू कमी होत होते, पण दुखवट्यात तेवढं चालतं, असं हिचं म्हणणं.

वास्तविक मी पेढे वाटायला हवे होते. चिरंजिवांच्या मानेवर रुळणारं ते जावळ उतरावं म्हणून दोन वर्षं साम, दाम, दंड, भेद असे चारही उपाय करून मी थकलो होतो. दर वेळी तो भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवी. चित्रात काळ्या कपड्यांतले चार जटाधारी आणि नाव 'मेटॅलिका'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती भांडी घासायची पावडर वाटली होती. कॅसेट ऐकल्यावर तो समज अगदीच चुकीचा नव्हता, असंही वाटलं.

तर आता खुद्द दैवतांनीच जटा उतरवल्या. मी उत्साहाने म्हटलं, "चला, रविवारी आपणही सलूनात जाऊ!" बापाकडे पाहू नये अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, ते विकले गेले."

"कोणी घेतलं?" मी विचारलं. साधा व्यवहाराचा प्रश्न होता. उत्तरादाखल दार आपटल्याचा आवाज आला.

त्या दिवशी मी ह्या प्रकरणाच्या इतिहासात शिरलो तो अजून बाहेर पडलेलो नाही.

१९८१ साली लॉस एंजेलिसला लार्स उलरिक नावाच्या पोराने पेपरात जाहिरात दिली, की मी ड्रम वाजवतो, साथीदार पाहिजेत. पोरगा मूळचा डेन्मार्कचा. बाप टेनिसपटू, पोरानेही टेनिसमध्ये नाव काढावं म्हणून मंडळी अमेरिकेला आलेली. (त्या बापाबद्दल मला न भेटताच जिव्हाळा वाटतो.) जाहिरातीला जेम्स हेटफील्ड नावाच्या मुलाचं उत्तर आलं आणि बँड उभा राहिला. १९८३ साली पहिली रेकॉर्ड निघाली. तिचा वेग म्हणजे सुटलेली डेक्कन क्वीन पकडायला धावणाऱ्या माणसाच्या छातीचे ठोके.

आता गंमत पाहा. १९८४ साली दुसरी रेकॉर्ड आली. तिच्यातलं 'फेड टू ब्लॅक' हे गाणं साध्या गिटारवर, हळू सुरू होतं. झालं! 'विकले गेले'ची आरोळी तेव्हापासूनची. म्हणजे परंपरा मोडली म्हणून ओरडायला ह्या लोकांना एका वर्षाची परंपरा पुरली. आमच्याकडे घराणं म्हणायला निदान तीन पिढ्या लागतात.

१९८६ साली 'मास्टर ऑफ पपेट्स' आली. ही ह्या संप्रदायाची पोथी. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये त्यांची बस उलटली आणि बास गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. इथे माझी थट्टा थांबते. जुन्या चाहत्यांच्या पंचांगात क्लिफ होता तेव्हाचं एक युग आणि तो गेल्यानंतरचं एक, अशी दोनच युगं आहेत. पुढच्या प्रत्येक बदलावरच्या रागात थोडा राग त्या बसवरचाही असावा.

१९८९ साली बँडने 'वन'चा, म्हणजे आपला पहिला, व्हिडिओ काढला. पुन्हा आरोळी. १९९१ साली बॉब रॉक नावाचा नवा निर्माता आणला, वेग उतरवला, नऊ-दहा मिनिटांची गाणी पाच-सहा मिनिटांवर आणली. त्या काळ्या वेष्टनातल्या रेकॉर्डच्या एकट्या अमेरिकेत एक कोटी साठ लाखांवर प्रती खपल्या आणि जुन्यांचं खरं दुखणं हेच. आपल्या बोळातली मिसळ साऱ्या गावाला कळली, की आपल्याला ती पूर्वीसारखी लागत नाही. रस्सा तोच असतो. रांग मात्र वाढलेली असते.

आणि मग १९९६ सालची 'लोड'. गाणी ब्लूजकडे झुकलेली, केस कापलेले, वर छायाचित्रांत दोघांच्या डोळ्यांत काजळ! बालगंधर्वांच्या शालूवर माना डोलावणाऱ्या महाराष्ट्रातला माझा मुलगा दोन अमेरिकन माणसांच्या काजळाने पार खचला.

हे मी हिला रंगवून सांगत होतो. ही निवडत असलेल्या मेथीवरची नजर न काढता म्हणाली, "तुमचे अण्णा कुमार गंधर्व लागले, की रेडिओ बंद करायचे. विसरलात?"

विसरलो नव्हतो; सोयीने आठवत नव्हतो. कुमार क्षयातून उठले आणि देवासला नव्याने गायला लागले, माळव्यातल्या लोकधुनांतून राग काढू लागले. ते गाणं अण्णांना आपल्यावरचा अन्याय वाटे. "पोराने घराण्याची वाट सोडली," ते म्हणत. मग मी मित्राच्या घरी जाऊन ऐकत असे. जाताना दार आपटत असे.

त्या रात्री चिरंजिवांच्या खोलीचं दार वाजवलं आणि म्हटलं, "एक जुनी लाव, एक नवी लाव. फरक सांग." दोन तास तो बोलत होता. दहावीनंतर एवढं सलग माझ्याशी तो बोलला नव्हता. संगीत मला फारसं कळलं नाही. एवढं कळलं, की पोराला भीती केसांची नव्हती. हे चौघे मोठे होऊन पुढे निघाले आणि आपण एकटेच मागे राहिलो, ही होती.

पुढे आमचा हा परिपाठच झाला. १९९९ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर मैफल केली. मला आवडली, त्यामुळे त्याला आवडली नाही. २००० साली गाणी फुकट वाटणाऱ्या 'नॅपस्टर'विरुद्ध बँड कोर्टात गेला आणि तीन लाखांवर लोकांची यादी कंपनीला दिली. इतकी वर्षं चाहते बँडवर रागावत, त्या वर्षी बँड चाहत्यांवर रागावला. २००३ सालच्या रेकॉर्डमधला ड्रम तर पत्र्याची बादली बडवल्यासारखा वाजे. आमच्याकडे पहाटे पाणी येई तेव्हा हा आवाज फुकट ऐकू येई. २००८ साली ते जुन्या वाटेवर परतले, तर 'फार मोठ्याने छापलंय' म्हणून हजारोंनी सह्यांचा अर्ज केला. मेटॅलिका फार मोठ्याने वाजते ही तक्रार मी कधीचीच केली होती. माझी सही कोणी मागितली नव्हती.

३० ऑक्टोबर २०११ ला बँड बेंगळुरूला आला. चिरंजीव गेले. माझ्या चारही उपायांना जे जमलं नव्हतं ते तोवर आनुवंशिकतेने त्यांच्या डोक्यावर करून ठेवलं होतं. परतले ते घसा बसलेला, चेहरा उजळलेला. "ते विकले गेले होते ना?" मी विचारलं. "बाबा," तो खुणेनेच म्हणाला, "जाऊ द्या."

२०२२ साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' ह्या मालिकेत 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजलं आणि आमची चौदा वर्षांची नात काळा शर्ट घालून हिंडायला लागली. बँडने नव्या पोरांचं स्वागत केलं. आमच्या चिरंजिवांनी मात्र परीक्षा घेतली, "आणखी दोन गाण्यांची नावं सांग. एक मालिका बघून चाहती झाली!"

आतल्या खोलीचं दार आपटलं.

मी म्हटलं, "जा. वाजव ते दार. आणि एक जुनी लाव, एक नवी लाव."