पाच, अडीच, सव्वा

शनिवार, सकाळी ११:१०
मे महिना. घरच्या सर्व्हरचा पंखा फार आवाज करतो म्हणून बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं व्होल्टेज ०.१ व्होल्टनं उतरवलं. पंखा शांत झाला. यंत्र सुरू झालं, कुठे अडलं नाही.

डिस्कवर आत्याच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. ४८ कॅसेटी, प्रत्येकी ६० मिनिटं, एकेक वेव्ह फाइल साधारण १ जीबीची. बुरशी लागलेल्या मूळ कॅसेटी टाकून दिल्या होत्या. आत्या नाही. दुसरी प्रतही नाही.

दुपारी ३:४०
लॉगमध्ये पहिली ओळ. हार्डवेअर एरर, सीपीयू ३, एल२ कॅश. पुढे: 'करेक्टेड एरर, नो ॲक्शन रिक्वायर्ड.' हे त्या एका चुकीपुरतं खरं असतं. चूक पुन्हा येते का, ते माणसानं पाहायचं असतं. मी पाहिलं नाही.

रात्री ८:५५
रॅमचा संशय होता म्हणून लावलेली मेमटेस्ट संपली. दोष शून्य. मी निर्धास्त झालो. रॅम सुटली म्हणजे संशय प्रोसेसरवर जायला हवा होता. ओळीत नाव त्याचंच होतं. सकाळचा बदल आठवलाच नाही.

११:५०
डिस्क ९२ टक्के भरलेली. वेव्ह फाइलींच्या लहान फ्लॅक फाइली करायला घेतल्या, जास्तीत जास्त दाबून. एका कॅसेटला ४ मिनिटं. वेळ वाचावा म्हणून पडताळणी बंद ठेवली. फ्लॅक झाली की मूळ वेव्ह आपोआप पुसली जाईल, अशी सोय केली. झोपलो.

१:५५
सीपीयू ३, एल२ कॅश. लिनक्स कर्नल अशा चुका दर पाच मिनिटांनी तपासतं. सापडली की अंतर निम्मं करतं.

१:५७:३०
सीपीयू ३.

१:५८:४५
सीपीयू ३. पाचाचे अडीच, अडीचाचे सव्वा. कॅशला आपली चूक पकडता येते, म्हणून तिची ओळ तरी उमटते. आकडेमोडीत झालेली चूक बहुधा काहीच न सांगता फाइलीत जाऊन बसते.

२:३१
दुरुस्त न होणारी चूक. स्क्रीनवर 'फेटल मशीन चेक'. यंत्र थांबलं. ४० फ्लॅक तयार, ४१वी अर्धवट. ४० वेव्ह पुसलेल्या.

रविवार, सकाळी ६:२०
व्होल्टेज पूर्ववत केलं. फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा असतो. तो ताडून पाहिला. ३३ जुळल्या. ७ जुळल्या नाहीत. पुसलेल्या जागेवर नव्या फाइली लिहून झाल्या होत्या.

७:४०
लॉगमध्ये नवी ओळ नाही. हेडफोन लावून सातांतली पहिली फाइल ऐकली. जात्याची घरघर, मधेच कुणाचं तरी खोकणं. १७ मिनिटं ४ सेकंदांवर आत्या 'भाऊराया' म्हणायला घेते. 'भाऊ' ऐकू येतं. मग करकर, आणि पुढची ओळ.