शुगर नॉर्मल आली, तरी ‘तीन महिन्यांची’ तपासणी कशाला?

तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद केलं की उपाशीपोटीची शुगर बरी येते. एचबीएवनसी अशी फसत नाही. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर ती मोजते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब निघतो. उपचार चालू असलेल्या बहुतेकांना डॉक्टर हा आकडा ७ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. वयस्करांना थोडी सूट असते.

आकडा चढलेलाच राहिला तर डोळ्याचा पडदा, किडनी आणि पायाच्या नसा यांच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. सुरुवातीला दुखत काहीच नाही, हीच अडचण.

क्रिएटिनिन उशिरा वाढतं. त्याआधीच लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागतं. लघवीची एसीआर ३० च्या वर आली तर पुन्हा तपासून खात्री करतात. वर्षातून एकदा ही तपासणी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं नाही!

आणखी एक. सिकलसेल असेल किंवा अंगात रक्त कमी असेल, तर एचबीएवनसीचा आकडा चुकू शकतो. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या मंडळींनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं.