सूत्र एकच, खनिजं दोन: कॅल्साइट-अरॅगोनाइटची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी शिंपल्यांच्या तुकड्यांचे रामन स्पेक्ट्रम घेतले. वेळ वाचावा म्हणून १००० ते १२०० प्रति सेंमी एवढीच रेंज ठेवली. प्रत्येक तुकड्यात १०८५ च्या आसपास ठसठशीत पीक आलं आणि मी बिनधास्त 'कॅल्साइट' लिहून टाकलं. गाईडनी एवढंच विचारलं, "अरॅगोनाइट नाही कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळे नमुने पुन्हा लावावे लागले.

नंतर वाचताना कळलं, की या जोडीने भल्याभल्यांना चकवलंय. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट, पण स्फटिकांचा आकार वेगळा. असं का? १८१३ मध्ये श्ट्रोमायर यांना अरॅगोनाइटमध्ये थोडं स्ट्रॉन्शियम सापडलं, आणि फरकाचं कारण तेच असावं असं वाटू लागलं. पण तो खुलासा टिकला नाही. एकच पदार्थ दोन रचनांमध्ये राहू शकतो, हे पुढे मित्शेरलिख यांच्या कामातून रुजलं. त्या रचना प्रत्यक्ष उलगडल्या क्ष-किरणांनी: ब्रॅग यांनी १९१४ मध्ये कॅल्साइटची आणि १९२४ मध्ये अरॅगोनाइटची रचना मांडली.

मग आलं १९२८. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आपण साजरा करतो, तो कलकत्त्यातल्या रामन आणि कृष्णन यांच्या शोधामुळे. त्यांचा भर द्रवांवर होता. त्याच वर्षी मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना हाच परिणाम स्फटिकांमध्ये दिसला. त्यातला एक क्वार्ट्झ आणि दुसरा कॅल्साइट! म्हणजे या तंत्राचं खनिजांशी नातं अगदी पहिल्या वर्षापासूनचं आहे.

आता माझी चूक बघा. १०८५ चं पीक हे कार्बोनेट आयनच्या आतल्या ताणाचं कंपन. आयन दोन्हीकडे तोच, त्यामुळे पीकही जवळपास तिथेच. फरक आहे तो शेजारात. कॅल्साइटमध्ये कॅल्शियमभोवती ६ ऑक्सिजन असतात, अरॅगोनाइटमध्ये ९. हा शेजार जाणवतो तो कमी वेव्हनंबरच्या जालक-कंपनांमध्ये: कॅल्साइटचं पीक २८२ जवळ, तर अरॅगोनाइटचं २०६ जवळ. शिवाय कॅल्साइटला ७१२ वर एकच पीक, तर अरॅगोनाइटला ७०१ आणि ७०५ अशी जोडी.

एवढा आटापिटा कशाला? अरॅगोनाइट काळाच्या ओघात कॅल्साइटमध्ये बदलतं. मूळ अरॅगोनाइटच्या जुन्या शिंपल्यात आज कॅल्साइट दिसलं, तर त्यात टिकलेली त्या काळच्या समुद्राची रासायनिक नोंदही बदललेली असू शकते. नाव चुकलं, की पुढचा अर्थही चुकतो.

म्हणून, तुम्ही पहिला स्पेक्ट्रम घ्याल तेव्हा सगळ्यात उंच पीक बघून थांबू नका. १०० पासून स्कॅन करा. ओळख बहुतेक वेळा त्या खालच्या, बुटक्या पीकांत असते.