वाटणीतून निघालेली सुभेदारी

विल्यम वायलरच्या 1941 सालच्या ‘द लिटल फॉक्सेस’ या सिनेमात कापसाच्या गिरणीतल्या हिश्शापायी हबर्ड भावंडं एकमेकांचे गळे धरतात. आजारी नवरा औषधासाठी धडपडत जिन्यावर कोसळतो, पण रेजिना झालेली बेट डेव्हिस जागची हलत नाही. हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं घर. पण रायपूरच्या मराठी माणसाला ते परकं वाटायचं कारण नाही. इथली सुभेदारी अशाच एका घरच्या वाटणीतून निघाली.

नागपूरचे पहिले रघूजी भोसले 1755 मध्ये वारले. मुलांत जानोजी वयाने थोरला, पण मुधोजी थोरल्या राणीचा. तंटा पेशव्यांपर्यंत गेला आणि ठरलं ते असं: जानोजी सेनासाहेबसुभा, म्हणजे नागपूरच्या गादीचा धनी, मुधोजीला चांदा, साबाजीला दारव्हा, बिंबाजीला छत्तीसगड. लांबचा, जंगलाचा मुलूख. बिंबाजी मात्र खरोखरच रतनपूरला जाऊन राहिला आणि 1787 पर्यंत तिथून कारभार केला. रामटेकडीवरचं राममंदिर त्याचंच. त्याचे भाऊ तिकडे एकमेकांच्या जिवावर उठले होते. 1775 मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजीने साबाजीला गोळी घातली.

वाटणी या मातीला नवी नव्हती म्हणा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस रतनपूरच्या हैहय राजांची एक शाखा रायपूरला आली. अठरा गड शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे, अठरा दक्षिणेला रायपूरचे, असा हिशोब परंपरा सांगते.

बिंबाजीमागे मुलूख आला पुतण्याकडे, मुधोजीच्या व्यंकोजीकडे. व्यंकोजीला नागपूरचा दरबार सोडवेना. हिस्सा हवा, पण तिथे राहायला नको! मग त्याने सुभेदार नेमले. पहिला महिपतराव दिनकर. रतनपुरात बिंबाजीची विधवा आनंदीबाई वजन राखून होती, तेव्हा नव्या कारभाऱ्याला मोकळा हात कसला मिळणार? पुढे 1790 मध्ये विठ्ठलराव दिनकर आला. त्याने जुने गड मोडून परगणे पाडले, परगण्यांवर कमाविसदार बसवले. मराठी दप्तर छत्तीसगडच्या गावांपर्यंत पोचलं ते या वाटेने. सुभेदारी जवळजवळ ठेक्यानेच चालायची, त्यामुळे सुभेदाराची नजर वसुलीवर. रयतेचं कोण बघतो?

व्यंकोजी 1811 मध्ये वारला, त्याचा मुलगा आप्पासाहेब. 1816 मध्ये नागपूरचे दुसरे रघूजी गेले आणि गादीवर आला त्यांचा आंधळा, पंगू मुलगा परसोजी. कारभारी आप्पासाहेब. 1 फेब्रुवारी 1817 रोजी परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. गळा आवळून मारल्याचा ठपका आप्पासाहेबावर आला. रेजिनाने निदान हात तरी लावला नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्रजांविरुद्धची सीताबर्डीची लढाई आप्पासाहेब हरला, 1818 मध्ये गादीही गेली. बाल तिसऱ्या रघूजीच्या नावाने इंग्रज कारभार करू लागले. छत्तीसगडात इंग्रज अधिकारी एडमंडनंतर आलेल्या कर्नल ॲग्न्यूने 1818 मध्येच मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. 1830 मध्ये मुलूख भोसल्यांना परत मिळाला, पण रतनपूरला कुणी परतलं नाही. सुभेदाराऐवजी आता जिल्हेदार म्हणत. पहिला कृष्णराव आप्पा रायपुरातच बसला. शेवटचा जिल्हेदार गोपाळराव. 1854 मध्ये नागपूर खालसा झाल्यावर त्याच्याकडून कारभार डेप्युटी कमिशनर चार्ल्स इलियटने घेतला.